बॉल आपले, टेबल त्यांचे

आमच्या पूल पार्लरमध्ये स्वतःचा क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, घेऊन येणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. खांद्याला लांबट काळी पिशवी अडकवलेली मुले तळघराचा जिना उतरून येतात, क्यूचे दोन तुकडे फिरवून एकमेकांत बसवतात, टोकाला चॉक लावतात आणि खेळायला लागतात. मी मात्र गेल्या वर्षी एका संध्याकाळी भाजीच्या कापडी पिशवीतून पुठ्ठ्याची पेटी काढून टेबलाच्या कडेवर ठेवली आणि तिचे झाकण उघडले, तेव्हा शेजारच्या दोन्ही टेबलांवरचा खेळ थांबला. पेटीत सोळा बॉल होते, पंधरा रंगीत आणि एक पांढरा. मुलांनी ते पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि त्यातल्या एकाने अगदी साळसूद चेहऱ्याने विचारले, "काका, टेबल कधी आणताय?"

टोमणा लागला, कारण प्रश्न बिनचूक होता. क्यू आपला असणे आणि बॉल आपले असणे यांत मोठा फरक आहे, आणि तो मला कॅरममुळे लहानपणापासून ठाऊक होता. गणेशोत्सवातल्या कॅरम स्पर्धेला जो तो आपला स्ट्रायकर घेऊन जाई. कोणी तो रुमालात गुंडाळी, कोणी चष्म्याच्या जुन्या घरात ठेवी, आणि दुसऱ्याच्या स्ट्रायकरने खेळायची वेळ आली तर पहिला बोर्ड हातचा गेलाच म्हणून समजावे. सोंगट्या मात्र मंडळाच्या असत. त्या घरून आणाव्यात असे कोणाच्या स्वप्नातही येत नसे, कारण स्ट्रायकरला आपलाच हात लागतो आणि सोंगट्या दोघांच्या असतात. पूलमध्ये तर याच्याही पुढची गोष्ट आहे, कारण तिथे ज्याने मारायचे तो पांढरा बॉलसुद्धा दोघांत एकच असतो. घरून बॉल आणणारा माणूस त्यामुळे नुसते आपले हत्यार आणत नाही, तर समोरच्याच्या पायाखालची जमीनही बरोबर घेऊन येतो. आणि ज्याने गल्लीत क्रिकेट खेळले आहे त्याला वस्तू आणणाऱ्याचा माज कसा असतो हे सांगावे लागत नाही. बॉल ज्याचा, पहिली बॅटिंग त्याची. आणि तो बाद झाला की बॉल उचलून घरी.

तर मग मी बॉल का आणले? सरळ उत्तर असे, की पार्लरचे बॉल वाईट होते. पण हे वाक्य उच्चारताच ऐकणाऱ्याच्या ओठांवर जी म्हण येते ती मलाही येते. नाचता येईना, अंगण वाकडे. आधीचे तीन महिने मी स्वतःलाच हे ऐकवत होतो. सरळ मारलेला पांढरा बॉल टेबलाच्या शेवटी पोचता पोचता एका बाजूला कलायचा, सोपे कट, म्हणजे बॉलला तिरके लागून त्याला पॉकेटकडे वळवायचे फटके, चुकायचे, आणि जिथे पांढरा थांबायला हवा तिथे तो कधीच थांबायचा नाही. वय झाले, नजर गेली, हात कापतो, अशी सगळी कारणे मी आळीपाळीने स्वीकारून पाहिली. अखेर एक दिवस ठरवले की अंगण खरोखर वाकडे आहे का, हे एकदा मोजूनच पाहावे.

पार्लरचे मालक दुपारी नसतात. दुपारी असतात ते मार्कर. बिलियर्ड्सच्या टेबलापाशी उभे राहून गुण मोजणाऱ्या, बॉल मांडणाऱ्या आणि वेळेचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाला आपल्याकडे क्लबांच्या जमान्यापासून मार्करच म्हणतात. गुण लिहिण्याचे काम आता उरलेले नसले तरी नाव टिकून आहे. आमच्या मार्करना सगळे मामा म्हणतात. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि व्हर्निअर कॅलिपर घेऊन गेलो तेव्हा मामांनी काही विचारले नाही, फक्त कोपऱ्यातल्या टेबलावरचा दिवा लावून दिला.

पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर सव्वादोन इंच असावा लागतो, आणि वजन साधारण १५६ ते १७० ग्रॅमच्या दरम्यान. त्या दुपारी रंगीत बॉल १६३ ते १६८ ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी भरले. पांढरा भरला १५९. वजनाच्या नियमात तो कसाबसा बसत होता. पण व्यास मोजला तर एका बाजूने ५६.६ आणि तोच बॉल थोडा फिरवला की ५६.८. म्हणजे तो नुसता लहान झालेला नव्हता, तो गोलही राहिलेला नव्हता. यात नवल काहीच नाही. रंगीत बॉलला डावात पाच-सात वेळा मार बसत असेल, पांढऱ्याला मात्र प्रत्येक फटक्यात बसतो, आणि शिवाय क्यूचे चामडी टोक आणि चॉकची पूड त्याच्या एकट्याच्याच वाट्याला येते. चॉक म्हणतात खरे, पण ती भुकटी खरखरीत असते आणि बॉलला बारीक पॉलिशपेपरसारखी खात राहते. त्यातून हा पांढरा त्या संचातला मूळचा नव्हताच. मूळचा हरवला की फुटला, हे मामांनाही आठवत नव्हते. कुठल्या तरी दुसऱ्या संचातला आणून जोडीला घातला होता.

ही जोडी न जमण्याची गोष्ट दिसते क्षुल्लक, पण सगळा खेळ त्यावर उभा आहे. पांढरा बॉल फिरकीशिवाय सरपटत जाऊन दुसऱ्यावर अगदी मधोमध आदळला आणि दोघांची वजने सारखी असली, तर पांढरा जागच्या जागी थबकतो आणि त्याची जवळजवळ सगळी गती समोरचा घेऊन जातो. पहिल्यांदा हे जमते तेव्हा जादू केल्यासारखे वाटते. पांढरा हलका असेल तर तो थांबण्याऐवजी किंचित मागे येतो, जड असेल तर पुढे रेंगाळतो. चार बोटांचा फरक पडतो; पण पुढचा फटका सोपा की अवघड हे त्या चार बोटांवर ठरते. म्हणूनच फक्त आपला एक नवा पांढरा बॉल खिशात घालून न्यायचा आणि बाकीचे पार्लरचे वापरायचे, ही मला आधी सुचलेली स्वस्तातली युक्ती कामाची नव्हती. झिजलेल्या पंधरांत एक धडधाकट पांढरा सोडला तर बिघाड तसाच राहतो, फक्त त्याची दिशा उलटी होते. घ्यायचे तर सोळा घ्यावे लागतात.

मी घेतले. किंमत घरी निम्मी सांगितली. बॉल बेल्जियमचे आहेत. जगातले पूलचे आणि स्नूकरचे बहुतेक चांगले बॉल त्या देशातल्या कालेनेल नावाच्या लहानशा गावातल्या एकाच कारखान्यातून येतात, आणि अ‍ॅरामिथ हे त्यांचे नाव या खेळातल्या प्रत्येकाला माहीत असते. ते फिनॉलिक रेझिनचे असतात, म्हणजे १९०७ साली लिओ बेकलंड यांनी केलेल्या बेकेलाइटच्या कुळातले. स्वस्तातले बॉल पॉलिएस्टर रेझिनचे असतात. ते लवकर पिवळे पडतात आणि लवकर ओरखडतात, आणि पार्लरमधले बहुधा तेच.

सोळा बॉल तंतोतंत सारखे असावेत ही अपेक्षाच मुळात फार जुनी नाही. एकेकाळी बॉल हस्तिदंताचे असत. हत्तीच्या सुळ्याच्या मधोमध नस गेलेली असते आणि ती बॉलच्या बरोबर केंद्रातून जावी असा बेत करून बॉल कापावे लागत, त्यामुळे एका सुळ्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उत्तम बॉल निघत. शिवाय हस्तिदंत हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, आणि तसे करताना वाकडा होतो. स्नूकर हा खेळ १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने पावसाळ्याच्या कंटाळ्यातून रचला असे सांगतात. त्या दमट दिवसांत त्यांचे बॉल कितपत गोल राहिले असतील, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. त्याआधी बारा वर्षे, १८६३ साली, न्यूयॉर्कच्या फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्ड्सचे सामान बनवणाऱ्या पेढीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यासाठी दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. ते वाचून जॉन वेस्ली हायट नावाचा एक मुद्रक कामाला लागला आणि त्यातून सेल्युलॉइड तयार झाले. सेल्युलॉइडचे मूळ द्रव्य बंदुकीच्या दारूच्या नात्यातले असल्यामुळे दोन बॉल जोरात आदळले की कधीकधी बार उडाल्यासारखा आवाज होई. कोलोरॅडोतल्या एका दारूगुत्त्याच्या मालकाने हायटना कळवले होते, की त्याची स्वतःची काही हरकत नाही, पण आवाज झाला की खोलीतला प्रत्येक माणूस पिस्तूल उपसतो. आमच्या पार्लरमध्ये आवाज झाला तर फार तर कोणाचा तरी चहा सांडतो, ही प्रगतीच म्हणायची.

मालकांची परवानगी मिळवणे हे मला वाटले होते त्यापेक्षा नाजूक काम निघाले. त्यांनी नाही म्हटले नाही. ते आधी दुखावले. घरचे ताट घेऊन खानावळीत जेवायला आलेल्या माणसाकडे खानावळवाला जसा पाहील तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मग एकेक अडचण काढली. नव्या बॉलने कापड खराब होईल, असे आधी म्हणाले. खरे तर गुळगुळीत बॉल कापडाला कमी घासतो, ओरखडे पडलेला जास्त. मग म्हणाले, उद्या इतर गिऱ्हाइके म्हणतील आम्हालाही असलेच द्या. ही अडचण खरी होती आणि तिला माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी तीन अटींवर मिटले. टेबलाचा तासाचा दर तोच राहील, माझे बॉल मी सोडून कोणी नेणार नाही, आणि फरशीवर पडून टवका उडाला तर पार्लर जबाबदार नाही. तिसऱ्या अटीचे मला हसू आले होते. महिन्याभराने कोणाच्या तरी जोरदार ब्रेकने, म्हणजे डाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्याने, माझा तेरा नंबर टेबलावरून उडून जिन्याच्या पायरीवर आदळला, तेव्हा ते हसू गेले. बॉलला काही झाले नाही. पायरीची कड गेली, आणि तिच्याबद्दल अटीत काहीच नव्हते.

पहिल्या संध्याकाळबद्दल सांगण्यासारखे एकच आहे, तो म्हणजे आवाज. जुन्या बॉलचा आवाज बसका होता, ओल्या लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. नव्यांचा टणक, कोरडा आणि इतका छोटा, की तो ऐकू येईपर्यंत संपलेला असतो. ब्रेकनंतर सोळा बॉल टेबलभर पांगताना ते आवाज एकमेकांत मिसळत नव्हते, सुटे सुटे मोजता येत होते. ज्या मुलाने टेबल कधी आणताय असे विचारले होते तो क्यू टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, एक डाव?"

तो मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि या पार्लरमधला चांगला खेळाडू आहे. मला तो पाचांतले चार डाव सहज हरवत असे. आमच्यात हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे असा शिरस्ता आहे, त्यामुळे त्याच्या खेळाचा बराचसा खर्च माझ्याच नावावर पडलेला आहे. त्या संध्याकाळी तो पाचही डाव हरला. मी काही फार चांगला खेळलो नव्हतो. तोच सारखा चुकत होता, आणि गमतीची गोष्ट म्हणजे प्रत्येक वेळी एकाच बाजूला चुकत होता. बॉल तिरका कापून पॉकेटमध्ये घालायचा असला की तो गरजेपेक्षा जास्त कापला जाई आणि कडेला लागून बाहेर येई.

मला त्या क्षणी फक्त आनंद झाला. कारण घरी जाताना लक्षात आले. दोन बॉल एकमेकांना तिरके लागतात तेव्हा क्षणभर घासतात, आणि त्या घासण्याने समोरचा बॉल पांढऱ्याच्या जाण्याच्या दिशेला किंचित ओढला जातो. बॉल जितके मळलेले तितके हे ओढणे जास्त. चॉकची पूड, हाताचा घाम, वडापावचे तेल, उदबत्तीची राख असा सगळा थर पार्लरच्या बॉलवर वर्षानुवर्षे बसलेला होता, आणि या मुलाने त्याच बॉलवर दोन वर्षे रोज सराव केलेला होता. प्रत्येक कट तो जरा पातळ, म्हणजे बॉलच्या अधिक कडेला लागेल असा, मारत असे, कारण मळ बाकीचे काम करतो हे त्याच्या हाताला कळले होते. त्याच्या हिशोबात मळ धरलेला होता. मी स्वच्छ बॉल टेबलावर मांडून त्याचा सगळा हिशोब पुसून टाकला, टेबलाचे पैसेही त्यालाच द्यायला लावले, आणि वर हे सगळे मी खेळ निर्दोष व्हावा म्हणून करतो आहे अशी माझी समजूत होती.

बॉल कोणाचे, या प्रश्नाची बिलियर्ड्सवाल्यांनी एक अर्धवट पण सुंदर सोडवणूक करून ठेवली आहे. अस्सल बिलियर्ड्समध्ये टेबलावर तीनच बॉल असतात, एक लाल आणि प्रत्येक खेळाडूचा एकेक. पूर्वी हे दोन्ही पांढरेच असत आणि ओळखण्यासाठी एकावर ठिपका असे. आता एक पांढरा आणि एक पिवळा असतो. म्हणजे तिथे प्रत्येकाचा मारायचा बॉल खरोखर स्वतःचा असतो. पण तो टेबलावर ठेवला, की त्याच क्षणी प्रतिस्पर्ध्याचे लक्ष्यही होतो. त्याला आपटून गुण मिळवायला समोरच्याला पूर्ण मुभा असते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स हा खेळ खेळून १९५८ साली कोलकात्यात जगज्जेते झाले, आणि वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. बिलियर्ड्सचा जगज्जेता पंकज अडवाणीही पुण्यातच जन्मलेला, १९८५ सालचा. ही माणसे जगभर खेळायला जाताना आपला क्यू जिवापाड सांभाळत नेत असतील, पण बॉल नेहमी स्पर्धा भरवणाऱ्यांचे. पहिल्या काही फटक्यांत ते बॉल ओळखून घेणे, हाही खेळाचाच भाग धरलेला असतो. मला तेवढे येत असते, तर मी पावणेतीन किलोची पिशवी उचलून तळघराचे जिने चढलो-उतरलो नसतो.

दुसऱ्या दिवसापासून मी एक नियम केला. डाव सुरू होण्याआधी समोरच्याला विचारायचे, कोणते बॉल? तो पार्लरचे म्हणाला तर पेटी उघडायची नाही. मुलगा पहिले आठ दिवस हट्टाने पार्लरचेच मागत राहिला आणि पूर्वीसारखा जिंकत राहिला. मग एके दिवशी काही न बोलता त्याने माझी पेटी स्वतःच उघडली. त्याच्या हाताला नवा हिशोब बसायला दोन आठवडे लागले, आणि त्यानंतर तो मला माझ्याच बॉलने हरवू लागला. बॉल ज्याचा, पहिली बॅटिंग त्याची, हा नियम या खेळात चालत नाही, हे बरेच आहे की वाईट, याचा मी अजून निर्णय केलेला नाही.

दर रविवारी सकाळी मी बॉल धुतो. यात फार काही करायचे नसते. कोमट पाण्यात मऊ फडके भिजवून, घट्ट पिळून एकेक बॉल पुसायचा आणि कोरड्या फडक्याने लगेच टिपायचा. फडक्यावर चॉकची निळी पुटे उमटतात आणि पांढऱ्या बॉलवर आठवड्याचे वळ दिसतात, टोक चुकीच्या जागी लागल्याच्या बारीक निळ्या चंद्रकोरी. त्या किती आणि कुठे आहेत यावरून आठवडा कसा गेला ते कळते. घरचे याला काकांची देवपूजा म्हणतात. धुतलेले बॉल टेबलावर टॉवेल पसरून त्यावर नंबराने ओळीत मांडायचे असतात, म्हणजे सोळा भरले की नाही ते एका नजरेत समजते.

असेच एका रविवारी सोळा भरले, पण ओळीतला विटकरी सात मला जरा परका वाटला. हातात घेऊन पाहिले तर त्यावरच्या सात या आकड्याचा पाय सरळ होता. बाकीच्या बॉलवरच्या आकड्यांचे वळण निराळे, सुबक. पांढऱ्या वर्तुळाला पिवळट झाक होती. वजनकाट्यावर ठेवला तर १६४ ग्रॅम, आणि माझे सगळे १६८च्या आगेमागे. बराच वेळ आठवल्यावर ती रात्र आठवली. तीन आठवड्यांपूर्वी पार्लर बंद होताना दिवे गेले होते आणि मामा पार्लरचे बॉल आणि मी माझे, असे दोघेही एकाच टेबलावर मोबाइलच्या उजेडात गोळा करत होतो. म्हणजे तीन आठवडे मी पार्लरच्या साताने खेळत होतो. तो मी तीन रविवारी धुतला होता, टॉवेलवर मांडला होता, आणि त्या काळात शेजारच्या टेबलावरच्या मुलांना अर्ध्या मिलिमीटरने काय फरक पडतो यावर निदान दोनदा व्याख्यान दिले होते.

त्या संध्याकाळी मी पेटी नेली नाही. फक्त सात नंबर खिशात घालून गेलो आणि मामांच्या पुढे ठेवला. त्यांनी काउंटरचा खण ओढला. चॉकच्या रिकाम्या खोक्यात, जुन्या फ्लॅनेलच्या तुकड्यात माझा सात होता.

"कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"दिवे गेले होते ना साहेब, त्या रात्रीपासून."

"मग सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, तुमच्या लक्षात येईल."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मामांनी दोन्ही सात दोन हातांत घेऊन जरा वरखाली तोलले, माझा मला दिला आणि त्यांचा टेबलावर ठेवला. तेवढ्यात मुलगा आला. त्याने पिशवीसाठी माझ्या हाताकडे पाहिले आणि काही न विचारता पार्लरचे बॉल त्रिकोणात भरायला घेतले. दोन डाव मी हरलो. तिसऱ्यात माझ्या वाट्याचा तोच विटकरी सात कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये कापायचा होता. मळाचा हिशोब धरून मी तो जरा पातळ मारला, आणि तो गेला. पांढरा तेवढा मला हवा होता त्यापेक्षा वीतभर जास्त मागे आला आणि त्या मुलाच्या बाराच्या पाठीमागे जाऊन चिकटला.